बंद पाकिटातला शब्द

आज आधी हाताशी पाटी घ्या. पाटी नसेल तर जमिनीवर बोटानं दोन घरं आखा. दुसऱ्या घरात ‘ळ’ लिहा, पहिलं घर मोकळं ठेवा. खूण अशी, की हे असलं म्हणजे शेतकऱ्याला चिंता नाही. सांगा बरं, मोकळ्या घरात कोणतं अक्षर बसेल?

कोणी म्हणेल ‘फळ’, कोणी ‘बळ’, कोणी ‘जळ’. ‘नळ’ म्हणणारीही एखादी निघेलच, आणि जिथं मार्चपासून टँकरची वाट बघतात त्या गावात तिचंच उत्तर सगळ्यात खरं. चारही शब्द मराठीत आहेत, चारही खुणेला लागू पडतात. आता समजा, आम्ही आमचा शब्द आधीच एका पाकिटात घालून, वर लाख लावून ठेवलाय. प्रत्येक उत्तरामागे तुमच्याकडून एक रुपया घेतोय. आणि ज्या बाईचा शब्द पाकिटातल्या शब्दाशी जुळेल तिलाच बक्षीस, बाकीच्यांचा रुपया आमचा. तुम्ही डोकं चालवलंत, शब्द बरोबर शोधलात, तरी हरलात. मग हा डोक्याचा खेळ झाला की नशिबाचा?

ही थट्टा वाटेल, पण अगदी याच प्रश्नावर आपल्या मुंबई राज्यानं वर्षानुवर्षं खटला लढवला होता. तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ साली निकालात निघाला. त्या निकालाचा धागा आज आपल्या पोरांच्या हातातल्या मोबाइलपर्यंत येऊन पोचतो. म्हणून आजच्या बोलण्यात तीच गोष्ट सांगायची आहे.

आम्ही मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या बायका. कोणी अंधेरीची, कोणी बोरिवलीची, कोणी घाटकोपर-मुलुंडकडची. माहेर म्हणाल तर बहुतेकींचं गावाकडचंच. आमच्याकडे सकाळच्या लोकलमध्ये अजूनही एखादा माणूस पेपराची चौघडी घालून, गुडघ्यावर धरून शब्दकोडं सोडवताना दिसतो. पेन दातात, नजर छताला. शेजारचा न विचारताच शब्द सुचवतो. तो लागू पडला तर दोघंही खूश, आणि पुढच्या स्टेशनाला दोघं दोन दिशांना. या खेळात कोणाचं काही जात नाही.

हे कोडं आपल्याकडे आलं ते बाहेरून. २१ डिसेंबर १९१३ या दिवशी अमेरिकेतल्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या रविवारच्या अंकात आर्थर विन नावाच्या माणसानं ते पहिल्यांदा छापलं. हा मूळचा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. त्याचं कोडं चौकोनी नव्हतं, पतंगाच्या आकाराचं होतं. १९२४ साली तिथं अशा कोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा प्रत्येक पुस्तकाला एक पेन्सिल जोडून दिली होती. पुढं हे वेड इंग्लंडला गेलं आणि इंग्रजी वर्तमानपत्रांतून आपल्याकडंही आलं.

कोडी घालणं आपल्याला काही नवीन नव्हतं. जात्यावर, मळणीला, लग्नघरात रात्री जागताना आपल्या आज्या कोडी घालतच होत्या. पण आजीच्या कोड्याची एक रीत असते. उत्तर कळलं की ऐकणारी म्हणते, ‘अगं बाई, खरंच की!’ म्हणजे उत्तर कानावर पडताक्षणी सगळ्यांना पटतं. ज्याचं उत्तर पटत नाही ते कोडं चारचौघींत टिकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कोर्टात तीच कामाला येणार आहे.

इंग्रजी कोड्याची रचना थोडी वेगळी. आपल्या शब्दकोड्यात एका घरात ‘का’, ‘कि’, ‘कू’ असं मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. इंग्रजीत एका घरात एकच सुटं अक्षर. त्यामुळं मधलं ‘ए’ आणि शेवटचं ‘टी’ दिलं आणि पहिलं घर मोकळं सोडलं, तर शब्दांची नुसती रांग लागते. ‘सी’ घाला, कॅट म्हणजे मांजर. ‘आर’ घाला, रॅट म्हणजे उंदीर. ‘एम’ घाला तर मॅट, ‘एच’ घाला तर हॅट, ‘बी’ घाला तर बॅट. खूण जर ‘घरात सापडते’ अशी असेल, तर मांजर, उंदीर आणि चटई तिघंही हात वर करतील.

दिलेल्या अक्षरांतून शब्द शोधणं ही खरंच एक विद्या आहे, त्यात आम्हाला काडीची शंका नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मंदीत अल्फ्रेड बट्स नावाचा एक बांधकामाचे नकाशे काढणारा माणूस बेकार झाला. त्यानं वर्तमानपत्रांत कोणतं इंग्रजी अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून एक खेळ बनवला. तोच पुढं स्क्रॅबल म्हणून जगभर गेला. त्यात १०० सोंगट्या असतात. ‘ई’ हे अक्षर सगळ्यात जास्त लागतं, म्हणून त्याच्या १२ सोंगट्या. ‘क्यू’ आणि ‘झेड’ क्वचित लागतात, म्हणून त्यांची एकेकच, पण ती वापरून शब्द जमवला तर प्रत्येकीचे १० गुण. तुमच्या घरी शाळेत जाणारं पोर असेल तर हे त्याला सांगा. ‘क्यू’ आलं की पाठोपाठ बहुतेक वेळा ‘यू’ येतं, हे एकदा कळलं की स्पेलिंगची निम्मी भीती जाते. या खेळात भांडण झालं तर शब्दकोश उघडायचा. शब्द त्यात असेल तर आहे, नसेल तर नाही. पंच म्हणजे पुस्तक, आणि ते दोघांच्याही समोर उघडं.

आता पैसा या खेळात कसा शिरला ते बघा.

स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा मोठा धंदा उभा राहिला. अंकात कोडं छापायचं, सोबत प्रवेशअर्ज. अर्जामागं थोडकी फी. बक्षिसं मात्र हजारोंची. वाचणाऱ्याला वाटायचं, ही तर माझ्या इंग्रजीची परीक्षा आहे. शाळा शिकलेला, कारकुनी करणारा माणूस पत्त्यांच्या अड्ड्यावर गेला नसता, कोडं भरायला मात्र तो उजळ माथ्यानं बसायचा. यातच या धंद्याची खुबी होती.

मुंबई सरकारनं १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षिसाच्या स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. परवाना घ्या, कर भरा, असा तो होता. पण प्रांताच्या बाहेर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांतल्या स्पर्धा त्यातून वगळलेल्या होत्या. आणि आर. एम. डी. चमारबागवाला यांनी स्थापन केलेली कंपनी होती म्हैसूर राज्यातली. तिची ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’ ही स्पर्धा बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाच्या साप्ताहिकातून चाले. साप्ताहिक बंगळूरचं, पण खप मुंबई राज्यात भरपूर. अर्ज आणि फी गोळा करायला मुंबई राज्यात ठिकठिकाणी केंद्रं, त्यासाठी नेमलेली माणसं. छापखाना तिकडं आणि गल्ला इकडं. मग १९५२ साली सरकारनं कायदा दुरुस्त केला आणि बाहेर छापलेल्या पत्रांतल्या स्पर्धांनाही त्यात आणलं. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली.

कंपनीचं म्हणणं साधं होतं. कोडी छापणं हा आमचा व्यापार आहे, आणि व्यापार करायचा हक्क घटनेनंच दिलेला आहे. उच्च न्यायालयात ती जिंकली, आधी एका न्यायमूर्तींसमोर आणि मग सरकारनं केलेल्या अपिलातसुद्धा. सरकारनं सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला.

तेवढ्यात संसदेनंही पाऊल उचललं होतं. मुंबईसह बऱ्याच राज्यांनी ठराव करून संसदेला सांगितलं, की या विषयावर सगळ्यांसाठी एकच कायदा करा. त्यातून १९५५चा बक्षीस स्पर्धा कायदा आला आणि १ एप्रिल १९५६पासून लागू झाला. त्यातली व्याख्या आम्हाला फार नेमकी वाटते. अक्षरं, शब्द किंवा आकडे रचून, जुळवून, त्यांची अदलाबदल करून सोडवायच्या कोड्याला बक्षीस ठेवलं, की ती बक्षीस स्पर्धा. मग तिला शब्दकोडं म्हणा, गाळलेला शब्द म्हणा की आणखी काही. अशी स्पर्धा चालवायला परवाना हवा, महिन्याची सगळी बक्षिसं मिळून १,००० रुपयांच्या वर जाता कामा नयेत आणि एका स्पर्धेला २,०००पेक्षा जास्त अर्ज घेता कामा नयेत. हजारोंच्या बक्षिसांवर उभा असलेला धंदा या आकड्यांत कसा बसणार? कंपन्या याही कायद्याविरुद्ध कोर्टात गेल्या.

दोन्ही प्रकरणांचे निकाल एकाच दिवशी लागले, ९ एप्रिल १९५७ला. ते सालच मोठं उलथापालथीचं. त्याच महिन्याच्या १ तारखेला देशात आणे जाऊन नवे पैसे आले होते. बाजारात भाजीवालीशी हिशोबाचे तंटे चालले असतील. आमच्या उपनगरांसाठीही ते साल महत्त्वाचं. अंधेरी, घाटकोपर १९५०लाच बृहन्मुंबईच्या हद्दीत आली होती, आणि बोरिवली, मुलुंडकडचा भाग आला तो १९५७मध्ये.

सर्वोच्च न्यायालयानं पाहिलं ते पाकीट. स्पर्धकाचा शब्द खुणेला लागू पडतो का, हे तिथं कोणी तपासतच नव्हतं. चालकांनी आधीच ठरवून, मोहोरबंद ठेवलेल्या उत्तराशी तो जुळतो का, एवढंच बघायचं. दोन शब्द सारखेच योग्य असताना त्यातला कोणता पाकिटात आहे हे कोणत्या विद्येनं कळणार? न्यायालयानं इंग्लंडमधल्या एका न्यायाधीशाच्या शब्दांचा आधार घेतला. त्याचा मतलब असा, की लोकांकडून पैसे घेऊन त्यांना लपवलेल्या निशाण्यावर डोळे झाकून नेम धरायला सांगितलं जातंय.

इथं जरा हिशोब करू, आपल्या गटाच्या वहीत करतो तसा. समजा, कोड्यात दहा खुणा आहेत आणि प्रत्येक खुणेला फक्त दोन शब्द लागू पडतात. सगळे मेळ धरायचे तर किती अर्ज पाठवावे लागतील? एका खुणेला २, दोन खुणांना ४, तीन खुणांना ८. असं दुप्पट करत गेलं की दहाव्या खुणेला १,०२४ होतात. पंधरा खुणा असतील तर ३२,७६८. म्हणजे इंग्रजीचा पंडित जरी बसला, तरी एका अर्जानं बक्षीस लागायची शक्यता बत्तीस हजारांत एक. आणि त्या पंडिताच्या शेजारी कोणी न वाचता टिकल्या मारत बसला, फक्त त्या दोन-दोन शब्दांतलाच एकेक निवडला, तर त्याचीही शक्यता तेवढीच!

सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकालात जुगाराविषयी आपल्या जुन्या ग्रंथांचीही साक्ष काढली. ऋग्वेदातलं जुगाऱ्याचं सूक्त, महाभारत, मनू, याज्ञवल्क्य. त्या सूक्तात जुगारी स्वतःचं रडगाणं गातो, पण त्याच्या टाकलेल्या बायकोचं आणि वाट बघणाऱ्या आईचं दुःखही त्यात आलेलं आहे. आणि द्यूताची गोष्ट तर आपल्याला कोणी सांगायला नको. पण खेळला धर्मराज, आणि सभेत ओढत आणलं कोणाला?

निकाल असा झाला, की जुगार म्हणजे व्यापार नव्हे. त्यामुळं व्यापाराच्या हक्काचं छत्र त्याच्यावर धरता येणार नाही. मुंबईचा कायदा टिकला. दुसऱ्या निकालात न्यायालयानं १९५५चा कायदाही टिकवला, पण एक रेघ आखून. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे तिला हा कायदा लागू नाही, ज्यात सगळी मदार नशिबावर आहे तिलाच लागू. म्हणजे खरं शब्दकोडं सुटलं आणि पाकिटातलं अडकलं.

रेघ योग्यच होती. पण मैत्रिणींनो, रेघ आखली की तिच्या अलीकडं-पलीकडं पाय टाकणारे आलेच. एकीकडं मुंबईत साठच्या दशकात मटका फोफावला. त्यात शब्दांचं सोंगही उरलं नाही, नुसते आकडे. दुसरीकडं रमीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायालयानं म्हटलं, की रमीत पत्ते लक्षात ठेवायचे, जुळवायचे, त्यात मुख्यतः कौशल्य लागतं. पुढं मोबाइल आले. पैसे लावून खेळायच्या खेळांच्या कंपन्या ‘आमचा खेळ कौशल्याचा’ असं म्हणत उभ्या राहिल्या, आणि वकिलांच्या हातात १९५७चे तेच निकाल. शब्दकोड्याच्या निमित्तानं आखलेली रेघ साठ वर्षांनी रमीच्या आणि क्रिकेटच्या खेळांना ढाल म्हणून वापरली गेली.

आमच्या गटातल्या एका ताईच्या घरी हेच झालं. मुलगा बारावी झालेला, इंग्रजी चांगलं, पार्सलच्या गोदामात कामाला. मोबाइलवर अक्षरं जुळवून शब्द करायचा एक खेळ त्याला सापडला. आधी फुकट होता. त्यात तो सारखा जिंकायचा, आईला दाखवायचा, आईही कौतुकानं बघायची. मग त्याच खेळात दहा रुपये लावायची सोय आली, मग पन्नास, मग पाचशे. ताईचा गटाचा हप्ता दोन महिने चुकला तेव्हा आम्हाला कळलं. तिसऱ्या महिन्यात तिनं मंगळसूत्रातल्या दोन वाट्या मोडल्या. पोरगा शेवटपर्यंत एकच सांगत होता, ‘आई, हा जुगार नाही, यात डोकं लागतं.’ आणि खोटं नव्हतं ते. डोकं लागतच होतं. पण समोर कोण खेळतोय हे त्याला दिसत नव्हतं, अक्षरं कोण वाटतंय हे दिसत नव्हतं, आणि प्रत्येक डावात खेळ चालवणाऱ्याचा वाटा मात्र आधीच कापून घेतला जात होता. कौशल्य एका बाजूला आणि पाकीट दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकाच खेळात असू शकतात. तो निकाल देताना न्यायाधीशांसमोर कागदी अर्ज होता, असा खेळ नव्हता.

त्या संध्याकाळी आमची बैठक लांबली. कोणी म्हणालं, पोराचा मोबाइल काढून घ्या. एक आजीबाई म्हणाल्या, अहो, खेळ तर चांगला आहे, नुसता पैसा काढा की त्यातून. आम्हाला वाटतं, आजीबाईंनी दोन ओळींत जे सांगितलं तिथं यायला कायद्याला बरीच वर्षं लागली.

कारण २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांसाठी नवा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद करायचं ठरलं, मग ते कौशल्याचे असोत, नशिबाचे असोत की दोन्हीचे. १९५७ची रेघ या खेळांपुरती पुसली गेली. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. बँकांनी अशा खेळांचे पैसे पुढं पाठवायचे नाहीत. कंपन्यांनी या कायद्यालाही न्यायालयात आव्हान दिलंय, म्हणजे गोष्ट अजून चालूच आहे. पैसे न लावता खेळायच्या खेळांवर, शब्दकोड्यावर, स्क्रॅबलवर त्यात बंदी नाही.

आणखी एक गोष्ट या कायद्यात आहे, ती घराघरांत सांगा. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. मुलानं किंवा घरधन्यानं पैसे घालवले असतील, तर पोलीस त्यालाच धरतील या भीतीनं बायका गप्प बसतात. तसं बसायचं कारण नाही. कोणी फसवून खात्यातून पैसे काढले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवून धरता येण्याची शक्यता जास्त. फोन करण्याआधी बँकेचा आलेला संदेश, पैसे गेल्याची तारीख आणि वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि खेळाचं नाव एका कागदावर लिहून ठेवा. संदेश इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल, तर तो पुसू नका. शाळेत जाणाऱ्या पोरीला समोर बसवा आणि एकेक अक्षर तिच्याकडून लिहून घ्या.